दोंड्रा हेडवरून जाताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

न्हावा-शेवाला लागलो की हे पत्र टाकतो. गणपतीपुळ्याला 2023 च्या नोव्हेंबरात देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा तू कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास. म्हणून हे तुलाच लिहावंसं वाटलं.

मागच्या फेरीत श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंड्रा हेडपाशी, बारा ते चारचा वॉच, म्हणजे जहाज हाकायची पाळी, माझी होती. पुढे मैलभरावर तीसेक फूट फवारा उडाला. निळा देवमासा! आमचा वेग 18 नॉट, म्हणजे तासाला 18 सागरी मैल; मधे तीनच मिनिटं. डावीकडे टँकर, उजवीकडे कोळ्यांच्या होड्या. वळणार कुठे? त्याने काही घाई केली नाही रे. फिरोजी पाठ दिसली आणि तो होता तिथेच हळूहळू खाली बसला. मी विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या सज्जावर, धावलो, मागचा फेस बघत राहिलो. पाणी पांढरंच होतं. तो वाचला का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

एवढ्या जहाजाला धक्का कळतसुद्धा नाही. मार्च 2012 मध्ये एक कंटेनर जहाज कोलंबो बंदरात शिरलं, ते नाकावर मेलेला निळा देवमासा आडवा घेऊनच. इथले हे देवमासे इतर निळ्या देवमाशांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. त्यांचं खाणं-पिणं, पोरंबाळं सगळं इथेच, आणि नेमक्या त्याच पाण्यावरून जगातला अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्हॉस कित्येक वर्षं हे सांगताहेत. मार्ग 15 मैल दक्षिणेला सरकवला तर धोका 95 टक्के कमी होतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. एमएससी या जहाज कंपनीने 2022 मध्ये आपली जहाजं तशी वळवलीसुद्धा. जिथे मार्ग हलवता येत नाही तिथे वेग कमी करायचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल जातीच्या देवमाशांसाठी ठरावीक महिन्यांत, ठरावीक पट्ट्यांत 10 नॉटची मर्यादा 2008 पासून आहे.

पॅसेज प्लॅन, म्हणजे फेरीच्या मार्गाची आखणी, माझ्यासारख्या सेकंड ऑफिसरनेच करायची असते. या वेळी मी एक्डिसवर, म्हणजे जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, रेघ 15 मैल खाली ओढली आणि धडधडत्या छातीने कॅप्टनसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाढलेले मैल मोजले, थोडेच निघाले. काही न बोलता सही केली.

काल दुपारी दोंड्रा उजव्या हाताला इतकं लांब राहिलं की किनारा दिसलाच नाही. काकूंना नमस्कार सांग. रविवारी येतोच.

तुझा,
मंदार