रेडिएटर पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी हिवाळ्यातल्या सूचना छापून आल्या. औषधांची चिठ्ठी, विमा, लोकरीचे मोजे वगैरे सगळे रास्त. मात्र आत गरम पाणी खेळवून घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरबद्दल दिलेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. खोली गार असेल तर रेडिएटरचा आकडे लिहिलेला नॉब थेट पाचवर न्यावा म्हणजे ती झटपट तापते, हा एक. आणि ओला टॉवेल रेडिएटरवर पसरून वाळवावा, हा दुसरा. मी नोकरीभर सायझिंगच्या, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या, बॉयलरवर होतो आणि लेकीकडे जर्मनीत एक आख्खा हिवाळा काढला आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात आता गल्लीत एखादे तरी पोरगे बाहेरदेशी असते आणि अशी कात्रणे लोक पासपोर्टच्या पाकिटात घालून नेतात. म्हणून हे लिहितो आहे.

आधी नॉबचे. आपली मंडळी त्याला पंख्याच्या रेग्युलेटरसारखा फिरवतात, आकडा मोठा तर जोर मोठा. तसे नाही. त्यावरचा आकडा खोलीचे तापमान सांगतो. बहुतेक नॉबवर तीन म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस, चार म्हणजे २४, पाच म्हणजे २८. दोनला १६ आणि बर्फाच्या चांदणीला पाइप गोठू नयेत इतपत, सहाएक अंश. नॉबच्या पोटात मेणाची किंवा द्रवाची एक बंद डबी असते. खोलीतली हवा तापली की ती फुगते आणि खालची बारीक पिन आत दाबते. पिन दाबली की पाण्याची वाट अरुंद होते. हवा निवली की डबी आकसते आणि स्प्रिंग पिनेला परत बाहेर ढकलते. वीज नाही, वायर नाही. डेन्मार्कमधल्या डॅनफॉस कंपनीच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये हा व्हॉल्व्ह काढला आणि आजही तो तसाच चालतो आहे. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला अशा बिनबोलाच्या यंत्राचे फार कौतुक वाटते.

आता बघा, खोली १४ अंशांवर असताना नॉब तीनवर ठेवला काय नि पाचवर ठेवला काय, व्हॉल्व्ह दोन्ही वेळेला सताड उघडाच असतो. पाणी तेवढेच, उष्णता तेवढीच. फरक पडतो तो पुढे. तीनवाला २० अंशांच्या आसपास आपणहून हात आखडता घेतो, पाचवाला २८ पर्यंत तापवत सुटतो. मग घाम येतो, मग कोणीतरी खिडकी उघडते. एक अंश कमी ठेवला तर इंधन साधारण सहा टक्के वाचते, असा हिशेब तिकडे सर्रास सांगतात. २०२२ मध्ये गॅसची टंचाई झाली तेव्हा जर्मन सरकारने सरकारी कचेऱ्या १९ अंशांच्या वर तापवू नका म्हणून हुकूम काढला होता. आपण १९ अंशांना मफलर गुंडाळून शेकोटी पेटवतो हा भाग वेगळा.

टॉवेलचे दुखणे याहून वाईट. टॉवेल नॉबवर लोंबला की त्याखाली ऊब कोंडते, डबी फुगते, व्हॉल्व्हला वाटते खोली तापली, आणि पाणी बंद. खोली मात्र गारच. पडदा नॉबवर आला तरी हेच होते. टॉवेल नुसता रेडिएटरवर असेल तर उष्णता खोलीत यायच्या ऐवजी पाणी उडवण्यात खर्ची पडते आणि ती वाफ बाहेरच्या भिंतीच्या गार कोपऱ्यात जाऊन बसते. तिथे काळी बुरशी धरते आणि घरमालकाशी कटकट सुरू होते. आपण सोलापूरकर टेरी टॉवेल विणणारी माणसे. चार टॉवेल बॅगेत नेणारच. ते वाळवायला स्टँड घ्या. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पुऱ्या उघडून पाचेक मिनिटे हवा खेळवा, आणि त्या वेळी नॉब खाली घ्या. नाहीतर बाहेरची गार हवा नॉबवर पडते आणि व्हॉल्व्ह आणखीच उघडतो.

जुन्या इमारतींतले रेडिएटर बिडाचे, खांबाखांबांचे असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. दोन सेक्शन जोडणाऱ्या निपलला, म्हणजे आखूड नळीच्या तुकड्याला, एका टोकाला उजवे आटे असतात नि दुसऱ्या टोकाला डावे, म्हणजे एकच निपल फिरवला की दोन्ही सेक्शन एकमेकांकडे ओढले जातात. मोठ्या खोलीला बारा, न्हाणीला चार, असे हवे तेवढे जोडता येतात. रेडिएटर किती उष्णता देणार हे या सेक्शनच्या संख्येवर आणि आतले पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरते. युरोपात रेडिएटरची ताकद मोजताना ७५ अंशांचे पाणी आत, ६५ चे बाहेर आणि खोली २० अंशांची धरतात. म्हणजे सरासरी फरक ५० अंशांचा. हाच फरक ३० वर आणला तर उष्णता जवळजवळ निम्मी होते. उलट पाण्याचे तापमान तेच ठेवून नुसता प्रवाह निम्मा केला तर उष्णता निम्मी होत नाही, थोडीच घटते, कारण पाणी आत जास्त वेळ थांबून आपली उष्णता निवांतपणे देऊन जाते. व्हॉल्व्ह अर्धा मिटला तरी रेडिएटर तसाच तापतो अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ इथे आहे.

म्हणून चांगल्या घरातला बॉयलर बाहेरची थंडी पाहून पाण्याचेच तापमान खालीवर करतो. भिंतीबाहेर एक सेन्सर असतो. बाहेर उणे दहा असेल तर पाणी कडक, बाहेर दहा असेल तर पाणी कोमट. आपले आजोबा काय करतात, रेडिएटरला हात लावून बघतात आणि कोमट लागला की बिघडला म्हणून पोराला ऑफिसात फोन करतात. खोलीत २० अंश असतील तर रेडिएटर कोमट लागला काय, गार लागला काय, काही बिघडलेले नाही. वरून गरम नि खाली जरा निवलेला असेल तरीही ठीक, पाणी उष्णता देऊन खालून निघते आहे. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर मात्र आत हवा धरली आहे. पंप बंद असताना, खाली वाटी धरून, कडेचा बारीक स्क्रू किल्लीने किंचित ढिला करायचा. आधी हवा फुसफुसते, मग पाणी येते. पाणी आले की बंद. त्यानंतर बॉयलरवरचा दाब बघावा. हवा गेली की तो थोडा उतरतो.

रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, सोफ्यामागे वगैरे, टोपी घातलेला आणखी एक व्हॉल्व्ह असतो. त्याला हात लावू नये. पंपाजवळच्या रेडिएटरला पाणी सहज मिळते, लांबच्याला मिळत नाही. उजनीच्या कालव्यावर मुखाजवळचा शेतकरी भिजून निघतो नि शेपटीकडचा वाट बघत बसतो, तोच प्रकार. म्हणून फिटर जवळच्यांचे हे व्हॉल्व्ह आवळून ठेवतो, तेव्हा शेवटच्या खोलीत पाणी पोचते. आपण तो इकडे पूर्ण उघडला तर वरच्या मजल्यावरची म्हातारी गारठते. भाड्याच्या घरात रेडिएटरच्या अंगावर एक छोटी डबीही चिकटवलेली असते, ती त्या रेडिएटरने किती उष्णता दिली याचे माप ठेवते. जर्मनीच्या नियमाप्रमाणे गरम करण्याच्या खर्चाचा निदान निम्मा आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर लावतात. पाचवर सोडलेल्या नॉबचा हिशेब वर्षअखेरीस येतो, तोवर आपण इकडे परत आलेलो असतो. भरतो जावई.

हे सगळे गरम पाण्याच्या रेडिएटरचे. अमेरिकेत न्यूयॉर्क, शिकागोकडच्या जुन्या इमारतींत वाफेचे रेडिएटर आहेत आणि तिथे ही अक्कल चालत नाही. सायझिंगच्या सूत सुकवणाऱ्या, वाफेवर तापणाऱ्या सिलिंडरवर काम केलेल्याला हे सांगावे लागत नाही. संपृक्त वाफेचे, म्हणजे उकळत्या पाण्यासोबत असलेल्या वाफेचे, तापमान दाबाला बांधलेले असते. गेजवर एक किलो दाब असेल तर साधारण १२० अंश, तीन किलोला १४३. सुताचा ताणा जास्त सुकायला लागला की आम्ही दाब उतरवायचो, तापमान आपोआप उतरायचे. घरातली वाफ अगदीच हलक्या दाबाची, म्हणजे शंभराच्या जराशी वर. तिचे तापमान आणखी खाली आणायला जागाच नाही. आणि एकच पाइप असलेल्या रेडिएटरमध्ये वाफ ज्या पाइपने वर येते त्याच पाइपने थंड झालेले पाणी खाली परतते. व्हॉल्व्ह अर्धवट मिटला की दोघांची वाट अडते, पाणी आत साठते आणि वाफ त्याला पाइपात आपटते. रात्री दोनला घण घातल्यासारखे आवाज येतात ते याचेच, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. तिथे व्हॉल्व्ह पुरता उघडा किंवा पुरता बंद, मधले काही नाही. कमीजास्त करायचे तर कडेच्या हवा सोडणाऱ्या व्हेंटवरून करतात: हवा सावकाश जाऊ दिली की वाफही सावकाशच आत येते. त्या व्हेंटलाही थर्मोस्टॅट लावता येतो.

रशियाला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या पोरांची तऱ्हा आणखी निराळी. सोव्हिएत काळातल्या अनेक इमारतींत एकच उभा पाइप सगळ्या मजल्यांच्या रेडिएटरमधून जातो आणि नॉब नसतोच. बाहेर बर्फ पडते आहे आणि पोरे बनियनवर खिडकी उघडून बसली आहेत, असे व्हिडिओ कॉलवर दिसते ते त्यामुळे. तिथे कोणी हौसेने बाजारातून व्हॉल्व्ह आणून बसवू नये. आधी रेडिएटरला वळसा घालणारा बायपासचा तुकडा लागतो. तो नसताना व्हॉल्व्ह बंद केला तर त्या पाइपवरच्या सगळ्यांचेच पाणी अडते.

जाता जाता आपल्या बाजाराविषयी. डिसेंबरात नवी पेठेत तेलाचे हीटर मांडलेले दिसतात. दिसायला अगदी सेक्शनचा रेडिएटर. दुकानदार नऊ पात्यांचा, अकरा पात्यांचा, तेरा पात्यांचा असे सांगतो आणि गिऱ्हाईक जास्त पाती म्हणजे जास्त ऊब समजून पैसे मोजते. इथे उष्णता ठरते आतल्या विजेच्या कॉइलवर. दोन हजार वॅटचा हीटर नऊ पात्यांचा असो वा तेरा पात्यांचा, सलग चालला तर तासाला दोन युनिटच घेणार आणि तेवढीच उष्णता देणार. पाती वाढली की पृष्ठभाग वाढतो आणि तो कमी तापतो, लहान मुलाचा हात लागला तर कमी भाजतो, एवढा फायदा खरा. आत तेल जास्त असल्याने तापायला उशीर नि निवायलाही उशीर. त्याचा थर्मोस्टॅट फिरवताना मात्र वरचाच नियम लागू: पुरा फिरवल्याने खोली लवकर तापत नाही. आणि त्याला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर लावला तर वायर आधी तापते. तसे आपल्या गावात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि थंडीत रात्री दोन चादरींत भागते, तेव्हा घरात कोणी आजारी किंवा बाळंतीण नसेल तर हा खर्च कशाला, असे माझे मत.

संपादक महोदय, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की बरीच मंडळी मुलांकडे निघतील आणि तिकडे तेव्हा थंडी ऐन भरात असते. त्याआधीच्या एखाद्या रविवारी पुरवणीत, ज्या पानावर त्या सूचना आल्या त्याच पानावर, दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर नॉबवरचे आकडे आणि त्यांपुढे अंश, एवढा तक्ता दिला तरी चालेल. टॉवेलची ओळ मात्र नाव घेऊन मागे घ्यावी.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
सोलापूर