महोत्सव सरकारचा राहिला, शहराचा झाला नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वेरूळ-अजिंठा महोत्सवाची चर्चा आपल्याकडे दोनच प्रश्नांभोवती फिरते. यंदा तो होणार की नाही, आणि झालाच तर मुंबई-पुण्याहून कोण गाणारे-नाचणारे येणार. हा महोत्सव कुठे सुरू झाला, कुठे हलला, का खंडित झाला आणि ज्या शहरात तो आता भरतो त्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, नाना धर्मांच्या व भाषांच्या परंपरांशी त्याचे नाते किती, हे प्रश्न प्रशासनाच्या बैठकांत तर सोडाच, रसिकांच्या गप्पांतही क्वचित निघतात. त्याविषयी काही मांडावे म्हणून हे पत्र.

अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. ऐंशीच्या दशकातच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने वेरूळला, कैलास लेण्याच्या सान्निध्यात, शास्त्रीय संगीत आणि नृत्याचा महोत्सव सुरू झाला. कैलासचा देखावा डोळे दिपवणारा आहेच, परंतु त्या जागेचे औचित्य देखाव्यापुरते नव्हते. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि अखेरची ५ जैन आहेत, आणि ती एकाच डोंगराच्या कडेला, चार-पाच शतकांच्या काळात, एकमेकांना लागून कोरली गेली. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलासचे प्रचंड काम झाले, आणि त्याच घराण्याच्या राज्यात पुढे जैन लेण्यांवरही छिन्नी चालली. अनेक पंथांच्या कलांचा उत्सव भरवायला देशात याहून समर्पक ठिकाण शोधून सापडले नसते.

पुढे महोत्सव वेरूळहून शहरात, विद्यापीठ परिसरालगतच्या सोनेरी महालात आला. जुने रसिक आजही या स्थलांतराबद्दल हळहळतात. मला ती हळहळ पूर्णपणे पटत नाही. संरक्षित स्मारकाच्या अंगावर प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करू नयेत, हे कोणत्याही वारसाप्रेमी माणसाला मान्य व्हावे. शिवाय वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असल्याने रात्री उशिरा तिथून परतणे मोटारवाल्यांनाच परवडत असे, आणि रिक्षाने किंवा पायी येऊ शकणारा श्रोता सोनेरी महालामुळेच मिळाला. औरंगजेबासोबत दख्खनेत आलेल्या एका बुंदेल सरदाराने सतराव्या शतकात बांधलेली ही वास्तूही काही कमी बोलकी नाही. खंत वेगळीच आहे. महोत्सव शहरात आला, तरी या शहराला त्यात जागा मिळाली नाही.

आणि हे शहर आहे तरी कोणाचे? १६१० मध्ये खडकी येथे त्याचा पाया घातला तो हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष ठरलेल्या मलिक अंबरने. छावणीलगतचे कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचे नाव सांगते. तिथल्या देवीची स्थापना त्यानेच केली असे मानतात, आणि नवरात्रात तिथे भरणारी यात्रा ही आजही शहरातली सर्वांत मोठी यात्रा आहे, जिथे पाळण्यांपासून पोळपाटापर्यंत सगळे विकणाऱ्या दुकानदारांची जात किंवा धर्म विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. पाणचक्कीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडच्या मुलखातून आलेले नक्शबंदी सूफी. उर्दू गझलेचे आद्य शिल्पकार मानले जाणारे वली दखनी इथले, त्यांच्या पाठोपाठ आलेले सिराज औरंगाबादीही इथलेच. अलीकडच्या काळात अजिंठा आणि वेरूळवर उर्दूतून कविता लिहिणारे सिकंदर अली वज्द हे वैजापूरचे, आणि २०१५ मध्ये निधन पावलेले बशर नवाज याच शहराचे. महोत्सवाच्या नावातच ज्या लेण्यांचा उल्लेख आहे, त्यांच्यावर कविता करणाऱ्या भूमिपुत्राची ओळख त्या व्यासपीठावरून किती श्रोत्यांना झाली असेल, याचा विचार आयोजकांनी करावा.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सुरू केलेल्या महाविद्यालयाभोवती, म्हणजे आजच्या मिलिंद परिसरात, मराठवाड्यातील दलित तरुणांच्या पिढ्या शिकल्या. त्यांच्यासोबत जलसा, भीमगीते आणि कवितेचा एक जोमदार प्रवाह शहरात रुजला. विजयादशमीला शहरालगतच्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे शहर केवळ मोगली दरवाजांचे आहे असे वाटणार नाही. सोनेरी महालापासून ती लेणी हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही महोत्सवाच्या पत्रिकेत हा प्रवाह आलाच तर स्थानिक कलावंतांसाठी राखलेल्या सुरुवातीच्या वेळेत येतो, जेव्हा पुढच्या रांगांतले सोफे अजून रिकामे असतात.

आता खंडाविषयी. कधी दुष्काळ, कधी निधी, पुढे करोनाची साथ, अशा कारणांनी महोत्सव अनेक वर्षे बंद राहिला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस जी-२० अंतर्गत डब्ल्यू-२० या महिलाविषयक परिषदेसाठी देशोदेशीच्या प्रतिनिधी शहरात आल्या होत्या, रस्ते रंगले होते, दुभाजकांवर कुंड्या आल्या होत्या. पाहुणे येणार म्हणून घर सारवण्यात वावगे काही नाही, परंतु घरच्या सणाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरू लागली की त्याला सण म्हणावे का, अशी शंका येते.

दुष्काळात उत्सव नको, हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. मराठवाड्यात टँकरच्या रांगा लागलेल्या असताना रोषणाईवर सरकारी पैसा उधळणे कोणालाही रुचणार नाही. पण त्याच मराठवाड्यातले लोक दुष्काळी वर्षातही फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला दिंड्या घेऊन जातात, नाथांच्या समाधीपुढे भारूड म्हणतात आणि अष्टमीचा काला घेऊन परततात. ज्या एकनाथांनी दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींजवळ शिक्षण घेतले, ज्यांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, महार असे सगळे आपापल्या बोलीत बोलतात आणि ज्यांनी हिंदू व तुर्क यांचा वाद-संवाद पद्यात रंगवला, त्यांच्या गावी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा हा क्रम टिकून आहे. खुलताबादला चौदाव्या शतकातील चिश्ती संत जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो, आणि त्याच गावात हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला पायी जातात. कचनेरला कार्तिकी पौर्णिमेस जैन यात्रा भरते. नांदेडला, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला, तिथे होळीला आणि दसऱ्याला ‘हल्ला’ ही शिखांची पारंपरिक मिरवणूक निघते आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानासाठी, म्हणजे गुरुद्वारा धुण्यासाठी, गोदावरीच्या पाण्याच्या घागरी वाहायला शिखांच्या जोडीने इतर धर्मांचे नांदेडकरही जातात. करोनाच्या काळात ही गर्दी थांबली होती, पण साथ ओसरताच हे सर्व पूर्ववत झाले. त्यासाठी कोणाला पुनरुज्जीवनाची घोषणा करावी लागली नाही.

याचे कारण केवळ श्रद्धा आहे, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव धार्मिक नाही. १९५३ मध्ये पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव एका संस्थेने आणि तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांनी टिकवला आहे. सरकारी उत्सव टिकतच नाहीत असेही नाही. मध्य प्रदेशातील खजुराहो नृत्य महोत्सव १९७५ पासून चालत आला आहे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तो भरतो, हे देशोदेशीच्या पर्यटकांना ठाऊक असल्याने ते त्याप्रमाणे प्रवासाची आखणी करतात. आपल्याकडे तारखा इतक्या उशिरा जाहीर होतात की परदेशी पर्यटक तर दूरच, जालन्याच्या रसिकालाही रजा टाकायला वेळ मिळत नाही. पर्यटनवाढ हा ज्या महोत्सवाचा घोषित हेतू, त्याच्याबाबत ही तऱ्हा असावी, याचे नवल वाटते.

आपल्या यात्रांत काठीचा मान एका घराण्याचा, पालखीचा दुसऱ्याचा, गलफाचा (दर्ग्यातल्या चादरीचा) तिसऱ्याचा, अशी वाटणी असते. मान असल्यामुळे जबाबदारीही असते, आणि जिल्हाधिकारी बदलला म्हणून ती बदलत नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सवाला असे मानकरी नाहीत, ही त्याची खरी उणीव आहे. म्हणून शासनाने या महोत्सवासाठी स्थायी समिती नेमावी आणि तीत अधिकाऱ्यांइतकेच विद्यापीठाच्या नाट्य व संगीत विभागांतले, उर्दू अदबी (साहित्यिक) मंडळींतले, शाहिरी-जलशाच्या परंपरेतले आणि पैठणच्या भारूडकऱ्यांतले लोक घ्यावेत. तारीख कायमची ठरवून टाकावी, मग त्या दिवशी मंत्रिमहोदयांना सवड असो वा नसो. एक संध्याकाळ दख्खनी मुशायऱ्याची आणि एक भारूड-जलशाची असावी, तीही मुख्य वेळेत. नामवंत पाहुणे कलाकार अवश्य यावेत, त्यांना माझा मुळीच विरोध नाही. किंबहुना त्यांच्यामुळेच आम्हा लहान शहरातल्या लोकांना मोठे गाणे समोर बसून ऐकायला मिळाले. महोत्सवात नान-खलिया हा इथला खास सामिष पदार्थ मिळावा ही मागणी मात्र पत्राच्या गांभीर्याला शोभणारी नसल्याने ती मी आग्रहाने करत नाही.

आणखी एक काम आहे, ज्याला फारसा खर्चही नाही. या महोत्सवाचा इतिहास आज विखुरलेल्या निमंत्रणपत्रिकांत, वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत, ध्वनिमुद्रणांत आणि वयोवृद्ध श्रोत्यांच्या आठवणींत आहे. कैलासापुढे कोणी कोणता राग गायला, कोणत्या वर्षी पावसाने मैफल मोडली, स्थानिकांपैकी कोणाला पहिली संधी मिळाली, हे एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. त्यातल्या एका दालनात ही कागदपत्रे व छायाचित्रे जमा करून ठेवता येतील, आणि विद्यापीठातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून जुन्या श्रोत्यांच्या मुलाखती घेता येतील. आपल्या वृत्तपत्राच्या संग्रहात त्या काळातील वार्तांकन असेलच. त्यातील निवडक मजकूर क्रमाने पुन्हा छापल्यास वाचकही आपल्या कपाटांतल्या पत्रिका आणि छायाचित्रे बाहेर काढतील, असे वाटते.

आपला,
एक नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर