सशाचा ताप, माणसाची पेशी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

औषध कंपनीत मी बावीस वर्षं सलाइनच्या बॅचने ताप येतो का हे तपासायला ससे पेटीत बसवले. एका चाचणीला तीन. कानाच्या शिरेत इंजेक्शन, गुदद्वारात तापमापक, तीन तास नोंदी. शंका आली की आणखी पाच. ससा मुका म्हणतात. किंचाळला की कळतं.

आता हेच मानवी रक्तपेशींवर तपासता येतं. २०२३ मध्ये केंद्राने नव्या औषधांच्या नियमांत पेशी, ऑर्गन-चिप (चिपवर पेशींनी बनवलेली अवयवाची छोटी प्रतिकृती), संगणकीय पद्धतींना जागाही दिली. पण हात कोण तयार करणार? पुतणीच्या फार्मसी कॉलेजात पेशी उबेत वाढवायच्या इनक्युबेटरमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत! प्रयोगशाळा सहायकांसाठी शासनाने पेशीसंवर्धनाचे, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे, वर्ग तातडीने सुरू करावेत. शिकवायला मी फुकट येईन, आधी मला शिकवा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ठाणे