कोंबडीचं भांडण आणि पिकअपचा नफा

संपादक साहेब, नमस्कार.

2025 च्या एप्रिलपासून अमेरिकेने बाहेरच्या गाड्यांवर 25 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं आणि आमच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपात सगळेच अर्थतज्ज्ञ झाले. बरोबरच केलं म्हणे, आता डेट्रॉइट, म्हणजे अमेरिकन मोटार कंपन्यांचं गाव, परत उभं राहणार. मी भोसरीत टूलरूममध्ये 31 वर्षं काढलीत, मुलगी-जावई मिशिगनला असतात, म्हणून दोन शब्द लिहितोय, जमलं तर छापा.

अहो, पिकअप ट्रकवर हे 25 टक्के 1964 पासूनच आहेत! आणि ते आले कशावरून, तर कोंबडीवरून. अमेरिकेची स्वस्त कोंबडी जर्मनीत धडाधड खपायला लागली, युरोपने तिच्यावर कर बसवला, मग तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी चिडून युरोपच्या ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर आणि छोट्या ट्रकवर 25 टक्के ठोकले, खरा नेम फोक्सवॅगनच्या व्हॅनवर होता. बाकीचे कर नंतर गेले, ट्रकवरचा राहिला. साध्या कारवरचा कर मात्र नंतर उतरत गेला आणि 2025 च्या आधी जेमतेम अडीच टक्के होता.

आता तुम्हीच कंपनीचे मालक आहात असं समजा. कारमध्ये जपानी आणि कोरियन मानगुटीवर बसलेत, पिकअपमध्ये बाहेरचा माणूस दारातच अडवलेला. लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी ठेवायची, वर्षानुवर्षं तोच सांगाडा, आत लेदर सीट आणि मोठा स्क्रीन टाकून किंमत चढवायची. पैसा कुठे लावाल? त्यात मायलेजचे नियमही असे की गाडी जेवढी लांबरुंद तेवढं टार्गेट सैल. मग 2018 मध्ये फोर्डने सांगूनच टाकलं की अमेरिकेत मस्टँग ही स्पोर्ट्स कार ठेवू, सेडान बंद. जीएमने, म्हणजे जनरल मोटर्सने, 2019 ला ओहायोतल्या लॉर्डस्टाउनला क्रूझ ही सेडान बनवणं थांबवलं, प्लांटच बंद.

लोक युनियनला शिव्या घालतात. 2023 मध्ये तिथल्या मोटार कामगारांचा संप झाला, सहा आठवडे चालला, चार-साडेचार वर्षांत 25 टक्के पगारवाढ मिळाली, हे खरं. पण त्याआधी 2009 ला जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तेव्हा सरकारने पैसे ओतून वाचवल्या आणि कामगारांनी आपल्या सवलती सोडल्या, ते कोणी बोलत नाही. असो.

ट्रकवरच्या त्या 25 टक्के कराची एक गंमत सांगतो. फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट नावाची छोटी व्हॅन तुर्कस्तानात बनायची. मालवाहू म्हणून आणली तर 25 टक्के, मग मागे सीट आणि खिडक्या बसवून पॅसेंजर गाडी म्हणून आणायची, आणि बाल्टिमोरला उतरली की त्याच सीट उपटून टाकायच्या, काचेच्या जागी पत्रा! मी जन्मभर रिवर्क, म्हणजे झालेलं काम पुन्हा करणं, कमी करायला डोकं लावलं आणि हे मुद्दाम रिवर्क करायला गाडी बोटीत चढवत होते. शेवटी 2024 मध्ये फोर्डने सरकारला 36.5 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आणि हे लोण आपल्या तळेगावपर्यंत आलंय बरं का. जीएमने तिथे 2008 ला प्लांट टाकला, बीटसारखी छोटी गाडी काढली, 2017 च्या शेवटी इथली विक्री बंद, 2020 ला उत्पादनही बंद, आता जागा ह्युंदाईकडे. त्याच 2017 ला युरोपातली ओपेलही विकून मोकळे. माझ्या मते घरी पिकअपवर एवढा मलिदा मिळत असताना छोट्या गाडीत चार पैशांसाठी घाम गाळायची सवयच मोडते, दुसरं काय.

गेल्या खेपेला मुलीकडे गेलो तेव्हा मॉलच्या पार्किंगमध्ये एका पिकअपशेजारी उभा राहिलो, बॉनेट माझ्या छातीला लागत होतं. मागचा हौदा बघितला, एक ओरखडा नाही, त्यात दुधाचा कॅन आणि टॉयलेट पेपरचा गठ्ठा. तिथे नव्या गाडीची सरासरी किंमत 2025 च्या सप्टेंबरमध्ये 50 हजार डॉलरच्या वर गेली. सात सात वर्षांचे हप्ते भरतात लोक. जावयाला म्हटलं, तुमच्या डेट्रॉइटवाल्यांची एखादी छोटी सेडान घे की. तो हसला, म्हणाला बाबा, शोरूममध्ये दाखवा तरी एक. शेवटी त्यांनी सेकंडहँड कोरोला घेतली, ती बनलेली मिसिसिपीत.

आपला,
एक रिटायर्ड टूलरूमवाला, चिंचवड