मा. ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: वीस गाड्यांना तीस किलोवॅट पुरतात

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. पण घरातली पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायची ठरवली की घोडं अडतं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ‘एवढा लोड आपली बिल्डिंग घेईल का?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुतेकदा चुकीच्या बेरजेवरून दिलं जातं.

वीस गाड्या, प्रत्येकी ७.२ किलोवॅटचा चार्जर, म्हणजे १४४ किलोवॅट. मग नवा ट्रान्सफॉर्मर, त्याला जागा, मोठा खर्च. आणि विषय सभेतच बारगळतो. खरं तर गाडी रोज किती चालते ते आधी बघायला हवं. शहरात रोजचे ४० किलोमीटर धरा. मध्यम गाडी एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. चार्जिंगमधली घट धरून मीटरवर साडेसहा युनिट पडतात. वीस गाड्यांचे झाले १३०. रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांत ३० किलोवॅट वाटून दिले, तरी २४० युनिट मिळतात. लोड वाटून देणारे चार्जर हे आपोआप करतात: लिफ्ट-पंप चालू झाले की गाड्यांचा करंट उतरवतात, बंद झाले की पुन्हा चढवतात.

म्हणून विनंती अशी की, अशी यंत्रणा बसवणाऱ्या सोसायटीचा मंजूर भार (वीज कंपनीने मान्य केलेला कमाल लोड) चार्जरच्या बेरजेवर न धरता, यंत्रणेत लावलेल्या कमाल मर्यादेवर धरावा. तसे निर्देश महावितरणला द्यावेत. ट्रान्सफॉर्मरवर रात्री किती लोड असतो, ते आकडेही सोसायटीला मागितल्यावर मिळावेत.

२०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून ई-वाहनासाठी स्वतंत्र जोडणीची सोय केली. तिची माहिती प्रत्येक उपविभागीय कार्यालयाच्या खिडकीवर लागली पाहिजे. कारण घरच्याच मीटरवर गाडी लावली तर महिन्याला हजार किलोमीटरचे १६० युनिट वाढतात. दोनशे युनिटांचं घर ३६० वर जातं आणि ३०० च्या वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो.

सगळ्यात जास्त काळजी वायरिंगची वाटते. गीझर अर्ध्या तासात बंद होतो; गाडी त्याच १६ अँपियरच्या सॉकेटमधून आठ-दहा तास सलग करंट ओढते. टर्मिनलचा स्क्रू किंचित ढिला असला तरी तिथे उष्णता साठते. आधी सॉकेटची पांढरी प्लेट एका पिनेभोवती पिवळी पडते, मग तपकिरी होते, मग जळका वास येतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर तर आग लावायचंच साधन आहे.

मीटर रूमपासून पार्किंग ६० मीटर असेल, तर ३२ अँपियरच्या चार्जरला ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळपास १२ व्होल्ट गळतात. १० चौरस मिलिमीटरमध्ये सातच. पैसे वाचवायला बारीक केबल टाकतात, आणि व्होल्टेज आधीच कमी असलेल्या इमारतीत चार्जर मध्येच थांबतो. दोष गाडीला दिला जातो.

आरसीसीबीचंही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचंही, तसंच. घरात सर्रास दिसणारा, फक्त एसी करंटची गळती ओळखणारा ‘एसी टाइप’ इथे भरवशाचा नाही: गाडीच्या चार्जिंग सर्किटमधून गळणारा डीसी करंट त्याला निकामी करू शकतो. चार्जरमध्येच ६ मिलिअँपियर डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर ए टाइप, ३० मिलिअँपियरचा चालतो. नसेल तर डीसी गळतीही स्वतः ओळखणारा बी टाइपच हवा. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जुन्या इमारतींत ते बऱ्याचदा नसतं, म्हणून नवा चार्जर लाल दिवा दाखवून बसतो.

केबलचा आकार, आरसीसीबीचा प्रकार, अर्थिंगचं मोजमाप आणि तळघरात पाणी साचतं त्या पातळीच्या वर चार्जर, एवढं दाखवणारा एक पानी नमुना आराखडा आपल्या खात्याच्या विद्युत निरीक्षकांनी मराठीत काढावा. सोसायटीच्या सभेत तोच कागद टेबलावर ठेवता येईल, आणि कामाची तपासणीही त्याच्यावरूनच होईल.

आपले,
सोसायट्यांमध्ये चार्जर बसवणारे काही वायरमन आणि विद्युत ठेकेदार