तपासणी उंबऱ्यावर नको, दाराच्या आत करा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या थोरल्या जाऊबाई करवीर तालुक्यात गावी असतात, वय ५३. मागच्या वर्षी आशाताई फॉर्म भरायला आल्या, बीपी, शुगर, तंबाखू असं विचारत विचारत छातीत गाठ वगैरे आहे का म्हणून पण विचारलं, आणि शेजारी सोप्यात सासरे चहा पीत बसलेले! जाऊबाई नाही म्हणाल्या. गाठ होती, हरभऱ्याएवढी, आंघोळ करताना हाताला लागायची पण दुखत नव्हती. सात महिन्यांनी कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली तेव्हा मला फोन करून रडल्या. स्तनाचा कॅन्सर निघाला, आता केमो चालू आहे.

आशाताईंना मी बोल लावणार नाही, त्या तरी कुठं कुठं पुरणार. पण ३० च्या पुढच्या प्रत्येक बाईची कॅन्सरसाठी तपासणी करायची असं सरकारनं २०१६ लाच कागदावर आणलंय, स्तनाची दर पाच वर्षांनी, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरात एकीचीसुद्धा कधी झालेली नव्हती. महिला दिनाला शिबिर होतं, ज्यांना जमतं त्या जातात, ज्या भांगलणीला गेल्या त्या राहिल्या.

मशीन नाही म्हणून अडतंय असं नाहीये. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी, तीही डॉक्टरांनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी. गाठी लवकर सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. वस्त्यांतल्या बायकांवर झालेलं काम आहे हे, परदेशातलं नाही.

आपल्याकडं डेअरीला कुणाची म्हैस कधी गाभण राहिली याची नोंद असते, मग गावातल्या बायकांची नावानिशी यादी उपकेंद्रात का नसावी? प्रत्येकीला तारीख द्या, आली नाही तर परत निरोप पाठवा, गाठ लागली तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पुढची तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत कुणीतरी तिच्या मागं असू दे, नाहीतर चिठ्ठी फडताळात पडून राहते, मी बघितलंय.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला हात जोडून विनंती, निदान प्रत्येक उपकेंद्रात एक खोली द्या, दाराला आतून कडी, खिडकीला पडदा आणि तपासायला बाईच.

- एक वाचक, कोल्हापूर