पैसा रायफलीत नको, काडतुसांत घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशस्थ मराठी माणसांच्या छंदांवर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यात कोलोरॅडोतल्या हरणाच्या शिकारीवर एक परिच्छेद होता. पाचशे-सहाशे यार्डांवरून हरीण टिपायचे तर बंदूक-कारागिराकडून मापाने बनवून घेतलेली कस्टम रायफलच हवी, कारखान्याच्या रायफलीचे ते काम नाही, असे त्यात ठासून लिहिले आहे. हे खोटे आहे. आणि हा समज धरून जो शिकारीला निघेल त्याचा खिसा रिकामा होईल ते होईलच, पण पोटात गोळी घेऊन झुडपात शिरलेले जनावर तीन दिवस तडफडेल. म्हणून हे पत्र.

मी मूळचा कणकवली तालुक्यातला. भोसरीच्या एका टूलरूममध्ये टर्नर म्हणून सुरुवात केली. आता रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर ग्रँड जंक्शनला राहतो आणि इथेही मशिन शॉपमध्येच आहे. लेथच्या चार जॉच्या चकमध्ये (पकडीत) जॉब धरून डायलची सुई हलेनाशी होईपर्यंत बसणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे कस्टम रायफलीत नेमके काय करतात ते मला कळते आणि त्या कामाबद्दल मनापासून आदरही आहे.

चांगला कारागीर आधी अ‍ॅक्शनचे (नळीमागच्या, बोल्ट सरकतो त्या पोलादी भागाचे) तोंड नळीच्या अक्षाशी काटकोनात आणतो. बोल्टचे, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याचे, दोन्ही कान (लग) सारखे टेकतात की नाही ते शाई लावून बघतो आणि नसतील टेकत तर घासून बसवतो. नळी कोऱ्या ब्लँकपासून (पोलादी दांड्यापासून) करतात. तिच्या आतल्या पेचदार खाचा काही नामांकित कारखाने अजून एकेरी दाताच्या हत्याराने पाडतात. हत्यार आतून पुन्हा पुन्हा ओढायचे, दर खेपेला केसाहूनही बारीक पोलाद काढायचे. मग शिशाचा लॅप (घासायचा गज) ओतून आतून हाताने पॉलिश. पुढे चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीचे, रीमिंग, आणि शेवटी दस्त्यात इपॉक्सी भरून अ‍ॅक्शन त्यात अशी बसवायची की स्क्रू आवळताना कुठे ताण येणार नाही. चार-पाच हजार डॉलर आणि कित्येक महिने थांबणे, एवढे धरूनच चालायचे. काम त्या मोलाचे आहे, यात शंका नाही.

पण एके काळी हे सगळे करून घ्यावे लागे, कारण कारखान्याचा माल तसा येत होता. १९६२ साली रेमिंग्टन ७०० ही कारखान्याची रायफल बाजारात आली. आज बहुतेक कस्टम अ‍ॅक्शन तिच्याच मापावर बेततात. तेव्हा एका मशिनवर एक ऑपरेशन, मग जॉब काढून दुसऱ्या मशिनवर, आणि प्रत्येक वेळी जॉब उघडून पुन्हा धरताना थोडी थोडी चूक जमा व्हायची. आता सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) एकदा धरलेला जॉब जवळपास पुरा होऊनच बाहेर येतो. नळ्यांचेही तसेच. फिनलंडमधल्या रिहिमाकी गावात साकोचा कारखाना आहे, टिका टी३एक्स ही रायफल तिथेच बनते. तिथे मँड्रेलवर (नळीच्या आत जाणाऱ्या कडक दांड्यावर) खाचांची उलटी प्रत कोरलेली असते, तिच्यावर नळी चढवतात आणि बाहेरून सगळ्या बाजूंनी हातोडे इतक्या जोराने पडतात की ती प्रत आतल्या पोलादावर उमटते. नळी मिनिटांत तयार. सॅव्हेज या अमेरिकी रायफल कंपनीने २००३ साली आपला नवा ट्रिगर आणला. तो गिऱ्हाईक स्वतः हलका करू शकत होता, मग बाकीच्यांनाही ट्रिगर सुधारावे लागले. टिका आणि स्पेनची बर्गारा या कंपन्या एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचे माप) अचूकतेची हमी देतात. किंमत हजार डॉलरच्या अलीकडे-पलीकडे. रुगर अमेरिकन ही रायफल त्याहूनही स्वस्त.

आता हा एमओए हरणाच्या अंगावर मोजून बघा. एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर एक इंचाहून जरासा जास्त, चारशे यार्डांवर सव्वाचार इंच. हे ग्रुपचे, म्हणजे एकाच निशाण्यावर मारलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याचे, पूर्ण माप झाले. मधल्या बिंदूपासून गोळी सरकणार ती याच्या निम्मी, दोन इंच. कस्टम रायफल अर्ध्या एमओएची असली तर एक इंच. म्हणजे तीन-चार हजार डॉलर जास्त मोजून चारशे यार्डांवर पदरात पडतो एक इंच. म्यूल डिअर या इथल्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून निशाण्याची जागा साधारण नऊ इंचांची असते.

वारा मात्र तुमच्याशी एका इंचाची भाषा करत नाही. ६.५ क्रीडमूर हे काडतूस २००७ साली आले आणि इथे हरणासाठी आता सगळीकडे तेच दिसते. त्याची १४३ ग्रेन वजनाची गोळी घ्या. आडव्या वाऱ्याचा तुमचा अंदाज ताशी आठ किलोमीटरने चुकला, तर चारशे यार्डांवर ती चार ते पाच इंच बाजूला जाते. सहाशेवर नऊ ते अकरा इंच. नेमका आकडा उंचीवर ठरतो, कारण इथल्या सात-आठ हजार फुटांवर हवा विरळ असते. ताशी आठ किलोमीटरची चूक म्हणजे फार मोठी चूक असेही नाही. बुक क्लिफ्स या इथल्या कड्यांच्या पायथ्याच्या एखाद्या दरीकाठी नोव्हेंबरच्या सकाळी पालथे पडून बघा. तुमच्या कोपराजवळचे गवत डावीकडे झुकलेले असते. दरीच्या मध्यावर काय चालले आहे ते दाखवायला तिथे काहीच नसते, ना गवत ना झाड. पलीकडच्या उतारावरचे सेजब्रशचे झुडूप तर उजवीकडे हलताना दिसते, कारण त्या बाजूला ऊन पोहोचलेले असते आणि तापलेली हवा वर चढू लागलेली असते, तर तुमची बाजू अजून सावलीत आणि थंड हवा खाली घसरणारी. हातातला वारामापक फक्त तुमच्या जागेचा वारा सांगतो. गोळीला तिन्ही वारे ओलांडायचे असतात. यातले काहीही बंदूक-कारागीर लेथवर दुरुस्त करू शकत नाही.

शिवाय हरीण उभे राहीलच असे नाही. सहाशे यार्ड कापायला गोळीला सुमारे पाऊण सेकंद लागतो. चाप ओढताना उभे असलेले हरीण तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकते आणि खांद्यामागे लागायची गोळी पोटात लागते. गोळी जितकी लांब जाते तितका तिचा वेगही मरतो, आणि शिकारीच्या बऱ्याच गोळ्यांना आत फुलायला सेकंदाला अठराशे फुटांच्या आसपास वेग लागतो. त्याखाली गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर पळून जाते. अंतर लेझरच्या यंत्राने अचूक मिळते, गोळी किती खाली येणार तेही तक्त्यात मिळते. वारा आणि हरणाचे पाऊल कुठल्याच तक्त्यात नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की रायफल कारखान्याची घ्यावी आणि उरलेला पैसा चांगली दुर्बीण, ती बसवायचा भक्कम माउंट आणि काडतुसे यांत घालावा. एका काडतुसाला दोन डॉलर धरले तरी तीन हजारांत दीड हजार काडतुसे येतात. ती बेंचवर बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून उडवू नयेत. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने. त्याचे अंतर ठरलेले होते आणि निशाणा जागचा हलत नव्हता, तरी वर्षानुवर्षे त्याने या तीन बैठका घोटल्या. शिकाऱ्याला त्या तिन्ही लागतात, वर बसून आणि पाठपिशवीवर टेकवून मारणेही यावे लागते. पॅलिसेडजवळ कॅमिओला सरकारी नेमबाजी संकुल आहे. तिथे जेवायची कागदी पत्रावळ टांगा, पाठपिशवी टाका, शंभर पावले चालून दम लागलेला असताना मारा. ज्या अंतरापर्यंत एकूण एक गोळी पत्रावळीत बसते ते तुमचे अंतर. सराव असलेल्यांतही ते बहुतेकांचे तीनशेच्या आसपास येते. चारशे येत असेल तर तुम्ही उत्तम नेमबाज आहात, आणि तेवढ्याला टिका किंवा बर्गारा पुरून उरते.

कस्टमची आणखी एक बाजू दुकानदार सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने अगदी घट्ट चेंबरची रायफल करून घेतली. कागदावर ग्रुप पाहण्यासारखे येत. पहिल्याच हिमवादळात काडतुसाला बर्फाचा कण चिकटला आणि बोल्ट बंद होईना. समोरचा नर तोवर कड्यापलीकडे गेला. दुसरा एक जण वाइल्डकॅट, म्हणजे दुकानी न मिळणाऱ्या, घरगुती घडणीच्या काडतुसाची रायफल घेऊन हिंडतो. प्रवासात पेटी हरवली तर मीकर किंवा क्रेगसारख्या गावातल्या दुकानात त्याला .३०८, .२७० आणि ६.५ क्रीडमूर मिळेल, त्याचे काडतूस नाही मिळणार. वजनाचे तर विचारूच नका. लांबच्या माऱ्याच्या रायफली दहा-बारा पौंडांच्या होतात. आयडाहो राज्याने मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी सोळा पौंडांची कमाल मर्यादाच घातली आहे.

मग कस्टम कोणी घ्यावी? डावखुरा आहे, हात आखूड आहेत, खांद्याचे ऑपरेशन झाले आहे, अशाला अंगाच्या मापाचा दस्ता खरोखर उपयोगी पडतो. हजार यार्डांच्या कागदी स्पर्धेत उतरणाऱ्याला तर हवीच. आणि ज्याला एखाद्या कारागिराच्या हातची वस्तू आयुष्यभर जवळ बाळगायची आहे त्याने जरूर घ्यावी, मीही उद्या घेईन. पण ती हातात आली म्हणून आपले अंतर शंभर यार्डांनी वाढले असे मानू नये. माझा सारा राग याच समजावर आहे.

थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीत जनावराला निसटायची रास्त संधी असली पाहिजे हे तत्त्व आजही मांडतो. कोलोरॅडोच्या नियमांनुसार जखमी जनावराचा माग काढून त्याला संपवण्याचा प्रामाणिक प्रयत्न शिकाऱ्याने करायचाच आहे आणि खाण्याजोगे मांस वाया घालवायचे नाही. सहाशे यार्डांवरून मारलेल्या हरणाच्या जागी पोहोचायला दरी उतरून चढावी लागते, अर्धा-पाऊण तास जातो. तोवर रक्ताची धार कुठल्या झुडपाखाली गेली ते शोधताना अंधार पडतो.

शिकार करावीच का, असे विचारणारे वाचक आहेत, आणि भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ती बंद झाली हे योग्यच झाले असे मी मानतो. इथली व्यवस्था वेगळी आहे. रायफली व काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. परवाने हरणांची संख्या बघून सोडतीने वाटतात. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका घरोघरी असत. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पार होई, म्हणून म्हातारी माणसे ते जवळ येईपर्यंत आम्हांला हलू देत नसत. त्या शिस्तीत वाढलेल्याला सहाशे यार्डांची बढाई ऐकवत नाही.

इथे नव्याने आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. एच-१बी सारख्या व्हिसावर असताना अमेरिकेत बंदूक विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा वर्ग, मग परवाना, मग रायफल. कोलोरॅडोत पैसे भरल्यावरही रायफल ताब्यात मिळायला तीन दिवस थांबावे लागते. हरणाच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात.

आपल्याला विनंती आहे की पुढच्या रविवारी त्या लेखाला पुस्ती जोडून सहाशे यार्डांचा आकडा मागे घ्यावा, आणि व्हिसाचा नियम चौकटीत छापावा. ज्यांची मुले डेन्व्हर-बोल्डरकडे आहेत असे आपले पुष्कळ वाचक आहेत.

आपला नियमित वाचक,
ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो
(मूळ कणकवली, जि. सिंधुदुर्ग)